अ‍ॅबॅकसची पुढची फी भरावी का?

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची असून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकते. दीड वर्षापासून ती आमच्या भागातल्या एका अ‍ॅबॅकस (मण्यांच्या पाटीवरचे गणित) क्लासला जाते आणि तिच्या चार लेव्हल पूर्ण झाल्या आहेत. आता ती अ‍ॅबॅकस समोर नसतानाही हवेत बोटे हलवून मोठमोठ्या बेरजा-वजाबाक्या आमच्याआधी सांगते. क्लासच्या मॅडम म्हणतात की यामुळे मेंदूच्या दोन्ही बाजूंचा विकास होतो, स्मरणशक्ती आणि बुद्ध्यांक वाढतो, पण हे सगळे बारा वर्षांच्या आतच साधते, म्हणून पुढच्या चार लेव्हलची फी एकदम भरा. मात्र शाळेत शाब्दिक उदाहरणांत तिला जेमतेम निम्मे गुण मिळतात आणि ती पायऱ्या लिहीत नाही अशी टीचरची तक्रार आहे. पुढच्या महिन्यात आठ मिनिटांत दोनशे गणिते सोडवण्याची स्पर्धा आहे. त्या सरावाला बसवले की ती रडते. माझे सासरे निवृत्त शिक्षक आहेत. ते म्हणतात, पाढे आणि पावकी-निमकी (पाव आणि अर्ध्याचे पाढे) पाठ करून घ्या, बाकी काही लागत नाही. मिस्टर अंबडच्या कंपनीत शिफ्टमध्ये असतात. दीड वर्ष घातले आहे, आता मध्येच सोडू नये, असे त्यांचे मत आहे. धाकटा मुलगा साडेचार वर्षांचा आहे, त्यालाही घाला असे क्लासवाले सांगत आहेत. आम्ही काय करावे?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात निर्णय तीन आहेत, म्हणून आधी त्यांची उत्तरे देतो आणि मग कारणांकडे वळतो. चार लेव्हलची फी एकदम भरू नका. मुलीची स्वतःची इच्छा नसेल तर यंदाच्या स्पर्धेतून तिचे नाव काढून घ्या. धाकट्याला आत्ता घालू नका. मात्र याचा अर्थ दीड वर्ष वाया गेले असा मुळीच नाही. तुमच्या मुलीने एक खरे आणि अवघड कौशल्य मिळवले आहे. अडचण आहे ती त्या कौशल्याच्या नावावर विकल्या जाणाऱ्या आश्वासनांची.

ती नेमके काय करते हे आधी समजून घेऊ, कारण बोटे हलवणारे मूल पाहिले की घरच्यांना त्यात काहीतरी गूढ वाटू लागते. क्लासमध्ये वापरला जाणारा अ‍ॅबॅकस बहुतेक ठिकाणी जपानी सोरोबान पद्धतीचा असतो. त्याच्या प्रत्येक दांडीवर आडव्या पट्टीच्या वर एक मणी असतो, त्याची किंमत पाच. खाली चार मणी असतात, त्यांची किंमत प्रत्येकी एक. एक दांडी एककाची, शेजारची दशकाची, त्यापुढची शतकाची. चारमध्ये तीन मिळवायचे तर खाली तीन मणी शिल्लकच नसतात, म्हणून मूल वरचा पाचाचा मणी खाली आणते आणि खालचे दोन मणी काढते. याला क्लासमध्ये ‘स्मॉल फ्रेंड’ म्हणतात, आणि दहाच्या पूरक जोड्यांना, जसे आठ आणि दोन, ‘बिग फ्रेंड’. काही महिन्यांच्या सरावाने या हालचाली हातात इतक्या बसतात की लाकडी पाटी काढून घेतली तरी मुलाला मण्यांचे चित्र डोळ्यांसमोर दिसत राहते आणि बोटे त्या चित्रावर चालतात.

हे चित्र खरोखर असते, केवळ क्लासची जाहिरात नव्हे. मायकेल फ्रँक आणि डेव्हिड बार्नर या मानसशास्त्रज्ञांनी गुजरातमधील अ‍ॅबॅकस शिकलेल्या मुलांचा अभ्यास करून २०१२ मध्ये दाखवले की ही मुले संख्या दांड्यांच्या चित्ररूपात धरून ठेवतात, आणि एका वेळी तीन ते चार दांड्याच स्पष्टपणे सांभाळू शकतात. आपली दृश्य स्मृती एका वेळी साधारण तेवढ्याच वस्तू सांभाळते. त्याआधी तैवानमधील मुलांच्या चुका तपासताना असे आढळले होते की अ‍ॅबॅकस शिकलेले मूल चुकते तेव्हा उत्तर पुष्कळदा नेमके पाचाने चुकते, म्हणजे वरचा एक मणी मनात इकडचा तिकडे झालेला असतो. तुमच्या मुलीची चुकलेली उत्तरे एकदा पाहा. तुम्हालाही पाचाच्या चुका सापडतील अशी शक्यता बरीच आहे.

आता मेंदूविषयी. मॅडम जे सांगतात त्यात सत्याचा एक अंश आहे, म्हणून ते सरसकट झटकून टाकणे योग्य होणार नाही. अ‍ॅबॅकसमध्ये तरबेज असलेल्या व्यक्ती आकडे लक्षात ठेवत असताना त्यांच्या मेंदूची चित्रे जपानी संशोधकांनी घेतली आणि २००२ मध्ये प्रसिद्ध केली. सामान्य माणूस आकडे मनात पुटपुटत लक्षात ठेवतो, त्यामुळे त्याच्या मेंदूतील भाषेशी संबंधित भाग अधिक काम करताना दिसतात. अ‍ॅबॅकस जाणणाऱ्यांमध्ये मात्र जागा, आकार आणि हालचाल यांचे भान ठेवणारे दोन्ही बाजूंचे भाग अधिक सक्रिय दिसले. पुढे चीनमधील संशोधकांनी २०११ मध्ये, दीर्घकाळ हे शिक्षण घेतलेल्या मुलांच्या मेंदूतील वेगवेगळ्या भागांना जोडणाऱ्या तंतूंच्या जडणघडणीतही फरक नोंदवला.

परंतु मेंदूत बदल दिसणे आणि बुद्धी वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिराती नेमक्या याच जागी उडी मारतात. कोणतेही कौशल्य सरावाने आले की मेंदूत त्याचा ठसा उमटतोच. उमटला नाही तर ते कौशल्य राहणार कुठे? जर्मनीतील संशोधकांनी २००४ मध्ये प्रौढ माणसांना तीन महिने तीन चेंडू झेलत राहण्याचा सराव दिला, तर हालचाल टिपणाऱ्या भागांत वाढ दिसली, आणि सराव थांबल्यावर ती पुन्हा कमी झाली. लंडनच्या टॅक्सीचालकांना हजारो रस्ते पाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूतील स्मृतीशी निगडित भागात फरक आढळल्याचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुष्कळ गाजला. त्यावरून टॅक्सी चालवल्याने बुद्ध्यांक वाढतो असे कोणी म्हणत नाही. राहिली ‘दोन्ही बाजूंच्या विकासाची’ गोष्ट, तर कागदावर साधी बेरीज करणारे मूलसुद्धा मेंदूच्या दोन्ही बाजू वापरतच असते. डावा मेंदू तर्काचा, उजवा मेंदू कल्पनेचा आणि क्लास त्या दोहोंना जागे करणार, ही मांडणी माहितीपत्रकात शोभते, मेंदूशास्त्रात नाही.

मग खरा प्रश्न असा उरतो की मण्यांवर झालेला सराव मण्यांच्या बाहेर किती जातो. या प्रश्नावरचा मला सर्वांत बोलका वाटणारा अभ्यास जुना आहे. जपानमधील गियू हातानो आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८३ मध्ये अ‍ॅबॅकसच्या अव्वल तज्ज्ञांची स्मरणशक्ती तपासली. सामान्य प्रौढ व्यक्ती एकदा ऐकून सुमारे सात आकडे परत सांगू शकते. हे तज्ज्ञ पंधराच्या आसपास आकडे सहज सांगत. त्यानंतर त्यांना आकड्यांऐवजी मुळाक्षरे आणि फळांची नावे ऐकवली, तेव्हा त्यांची स्मृती तुमच्या-आमच्यासारखीच निघाली. आकडा मण्यांच्या चित्रात बसतो, आंबा-केळे-पेरू बसत नाहीत. ‘स्मरणशक्ती वाढते’ हे वाक्य कोणी उच्चारले की त्यांना नम्रपणे विचारावे, कशाची?

याहून काटेकोर चाचणी आपल्या शेजारच्या राज्यातच झाली. बडोद्यातील एका शाळेत पाच ते सात वर्षांच्या २०४ मुलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला शाळेच्या नेहमीच्या गणिताखेरीज मनातल्या अ‍ॅबॅकसचे शिक्षण दिले, आणि दुसऱ्या गटाला तेवढाच जादा वेळ नेहमीच्या पद्धतीचे गणित शिकवले. ही विभागणी फार महत्त्वाची आहे, कारण एरवी क्लासला जाणाऱ्या मुलांची तुलना न जाणाऱ्यांशी केली की घरची परिस्थिती, पालकांची आस्था आणि मुलाची मूळची आवड हे सगळे त्या तुलनेत मिसळून जाते. तीन वर्षांनी पाहिले, तेव्हा अ‍ॅबॅकस गट आकडेमोडीत स्पष्टपणे पुढे होता. मात्र बुद्धिमत्तेच्या आकृतीकोड्यांत किंवा कार्यकारी स्मृतीत, म्हणजे माहिती काही क्षण मनात धरून तिच्यावर काम करण्याच्या क्षमतेत, दोन गटांत फरक पडलेला नव्हता. उलट असे दिसले की ज्या मुलांची चित्रे मनात धरण्याची क्षमता सुरुवातीपासूनच चांगली होती, त्यांना या पद्धतीचा जास्त फायदा झाला. म्हणजे पुष्कळदा क्लास ज्या गुणाचे श्रेय घेतो, तो गुण मूल घरून घेऊन आलेले असते. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. शाळेच्या वेळापत्रकातच अनेक वर्षे अ‍ॅबॅकस शिकलेल्या चिनी मुलांमध्ये दृश्य स्वरूपाची कार्यकारी स्मृती सुधारल्याचे तेथील संशोधकांनी २०१९ मध्ये मांडले आहे. त्यामुळे ‘काहीच फरक पडत नाही’ असे ठामपणे म्हणणे आततायीपणाचे ठरेल. तरीही तो फायदा चित्रे मनात धरण्यापुरता, म्हणजे मण्यांच्या सरावाला अगदी लागून असलेल्या क्षमतेतला आहे, आणि तो अनेक वर्षांच्या शिस्तबद्ध शिक्षणानंतरचा आहे. आठवड्यातून एक-दोनदा भरणाऱ्या वर्गाच्या पाचव्या लेव्हलला बुद्ध्यांक वाढेल हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. मेंदूच्या व्यायामाच्या इतर प्रकारांचा अनुभवही असाच आहे. कार्यकारी स्मृतीच्या संगणकीय सरावावरील अनेक अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये घेतलेल्या आढाव्यात असे दिसले की मुले ज्या खेळाचा सराव करतात त्यात आणि त्यासारख्या खेळांत सुधारतात, पण तो फायदा वाचन, गणित किंवा एकूण बुद्धीपर्यंत पोहोचत नाही. ‘ल्युमॉसिटी’ या मेंदूच्या खेळांच्या ॲपने पुराव्याशिवाय मोठे दावे केल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१६ मध्ये त्या कंपनीकडून २० लाख डॉलर वसूल केले.

आणि बारा वर्षांची मुदत? सहा वर्षांपर्यंत मुलाच्या मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचतो हे खरे, पण नियोजन, संयम आणि विचारपूर्वक निर्णय यांच्याशी निगडित असलेला कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत असतो. बाराव्या वाढदिवसाला कोणतेही दार बंद होत नाही. मुदत संपत आल्याची भीती घालून चार लेव्हलचे पैसे एकदम मागणे ही विक्रीची रीत आहे, आणि ती फ्लॅटपासून पॉलिसीपर्यंत सगळीकडे सारखीच असते.

आता मला पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य, जे तुम्ही जवळजवळ ओघात लिहिले आहे : शाब्दिक उदाहरणांत निम्मे गुण. आकडेमोड इतकी वेगवान असताना गुण जातात कुठे, याची तीन कारणे संभवतात, आणि ती घरीच तपासता येतात.

पहिले कारण भाषेचे. तुमच्या घरी मराठी बोलली जाते आणि उदाहरणे इंग्रजीत असतात. तिच्या पुस्तकातील चुकलेली पाच-सहा उदाहरणे घ्या आणि तीच मराठीत, गोष्ट सांगितल्यासारखी, तिला वाचून दाखवा. उत्तरे बरोबर येऊ लागली तर अडचण गणिताची नसून इंग्रजी वाचनाची आहे, आणि तिला मण्यांऐवजी गोष्टींच्या पुस्तकांची गरज आहे. माझ्या मते ही तपासणी सर्वांत आधी करावी. बऱ्याच घरांत ती कधी होतच नाही आणि मूल ‘गणितात कच्चे’ म्हणून शिक्का बसून मोकळे होते.

दुसरे कारण अर्थाचे. तिला विचारा : द्राक्षांच्या एका पेटीत ४ किलो माल बसतो, तर १५ किलो द्राक्षे भरायला किती पेट्या लागतील? पंधराला चाराने भागून ‘तीन, बाकी तीन’ असे उत्तर तिने क्षणात दिले आणि तिथेच थांबली, तर भागाकार तिला येतो पण उरलेली तीन किलो द्राक्षे तिला दिसत नाहीत; चौथी पेटी लागणार हे दिसण्यासाठी आकड्यामागची वस्तू मनात उभी राहावी लागते. मण्यांचे चित्र तिथे उपयोगी पडत नाही, कारण मण्याला किलो ठाऊक नाही आणि पेटीही ठाऊक नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा केलेला अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. भाव, वजन आणि सुट्ट्या पैशांचा गुंतागुंतीचा हिशोब तोंडी करणारी ही मुले शाळेतल्या स्वरूपात मांडलेल्या साध्या गणितांत अडखळत होती. आणि शाळेत गणित येणारी मुले बाजारातल्या हिशोबात तितकीच अडखळत होती. एका ठिकाणचे गणित आपोआप दुसऱ्या ठिकाणी जात नाही, ते मुद्दाम न्यावे लागते. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात तिला सोबत न्या आणि पैसे तिच्या हातात द्या. भाजीवाल्या मावशींचा हिशोब आणि तिचा हिशोब जुळतो का, हे तिलाच पाहू द्या.

तिसरे कारण पायऱ्यांचे, आणि इथे टीचरची तक्रार आणि मुलीची वागणूक दोन्ही मला समजतात. अ‍ॅबॅकसवर गणित डावीकडून, म्हणजे मोठ्या स्थानाकडून सुरू होते. आधी शतक, मग दशक, मग एकक. शाळेतील उभी मांडणी उजवीकडून, एककापासून सुरू होते आणि हातचा वर लिहिला जातो. तुमच्या मुलीला उत्तर आधी दिसते आणि मग ते कसे आले हे उलट्या दिशेने लिहून दाखवायचे असते, ते तिला अर्थातच कंटाळवाणे आणि निरर्थक वाटते. तिला तिन्ही वाटा ताडून पाहू द्या : ४८ अधिक ३७ मण्यांवर कसे केले, वहीत कसे होते, आणि दोन्ही न वापरता, ५० अधिक ३५ असे बदलून कसे होते. सातमध्ये आठ मिळवताना मणी दोन काढून दहा का घालायचे, हे तिला शब्दांत सांगता आले, तर ‘बिग फ्रेंड’ तिला समजला. बोटांनाच येत असेल आणि तोंडाला येत नसेल, तर ती अजून केवळ हालचाल आहे. क्लासच्या मॅडमना ही कसोटी सांगून पाहा. चांगल्या शिक्षिका त्यावर रागावणार नाहीत, आणि रागावल्याच तर फीबद्दलचा तुमचा निर्णय सोपा होईल.

स्पर्धेचा विषय मी थोडक्यात पण कडकपणे मांडतो. आठ मिनिटांत दोनशे गणिते म्हणजे एका गणिताला अडीच सेकंदही नाहीत. ज्या मुलाला अशी शर्यत आवडते त्याने ती जरूर धावावी. काही मुलांना त्यात विलक्षण मजा येते, आणि करंडक घरी आला की आजी-आजोबांनाही येते. पण रडत सरावाला बसणारे मूल त्यातून वेग शिकण्याऐवजी गणित म्हणजे भीती हे शिकण्याचा धोका असतो, आणि ती भीती पुढे टिकते. भीती आणि काळजी कार्यकारी स्मृतीतली जागा व्यापतात, त्यामुळे येणारे गणितही त्या वेळी येत नाही. दिलासा देणारी गोष्ट अशी की ही भीती उतरवता येते : अमेरिकेत तुमच्या मुलीच्याच वयाच्या मुलांना आठ आठवडे एका वेळी एकाच मुलाला घेऊन गणित शिकवल्यावर त्यांची भीती कमी झाली, आणि मेंदूतील भीतीशी निगडित भागाची अतिरिक्त धडपडही शमली, असे २०१५ मधील एका अभ्यासात दिसले. त्यात समजावणारे माणूस समोर होते.

हे समजावणारे माणूस तुमच्या घरात आहे, हे मला तुमच्या पत्रातील सर्वांत मोठे सुदैव वाटते. सासरेबुवांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. सात ते नऊ या वयात मुले बोटांवर मोजण्याकडून आठवणीतून उत्तर काढण्याकडे वळतात, आणि या बदलात मेंदूतील स्मृतीचे केंद्र मोठा वाटा उचलते, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले आहे. म्हणून पाढे पाठ असणे ही जुनाट गोष्ट नाही. पाठ असलेला पाढा डोक्यातली जागा मोकळी करतो आणि ती जागा विचाराला मिळते. मात्र बुद्धी वाढवण्याच्या बाबतीत पाढ्यांनाही अ‍ॅबॅकसचीच मर्यादा आहे. ‘आमच्या वेळी पाढ्यांनी डोकी तल्लख झाली’ हे विधान मॅडमच्या माहितीपत्रकाहून फारसे वेगळे नाही, एवढे त्यांना आदरपूर्वक सांगायला हरकत नाही. पावकी, निमकी, पाऊणकी आणि दिडकी मात्र त्यांनी नुसती पाठ करून न घेता भावाला जोडून विचारावी : गवार साठ रुपये किलो असेल तर पाव किलोचे किती, पाऊण किलोचे किती, दीड किलोचे किती. पंधरा, पंचेचाळीस, नव्वद ही उत्तरे देताना मूल अपूर्णांक शिकत असते, आणि पाचवीत तोच अपूर्णांक कागदावर आला की तो तिला अनोळखी वाटत नाही.

नाशिककरांना तर आणखी एक खेळ घरचाच आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये जगापुढे मांडलेली ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. कोणतीही चार आकडी संख्या घ्यावी, फक्त चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि मग तेच येत राहते. कापरेकरांच्या जन्माचे साल १९०५ घेतले तर पूर्ण सात वजाबाक्या लागतात. तिसरीतल्या मुलीला चार आकडे जड वाटले तर तीन आकड्यांवर करा, तिथे ४९५ येते : ७१२ घेतले तर ७२१ मधून १२७ वजा जाऊन ५९४, आणि ९५४ मधून ४५९ वजा जाऊन ४९५. तुमच्या मुलीला या वजाबाक्या मनातल्या मण्यांवर झरझर करता येतील, म्हणजे तिचे कौशल्य कामाला येईल, आणि त्याच वेळी ‘असे का होते’ हा प्रश्न तिच्या मनात उभा राहील. अ‍ॅबॅकसच्या वर्कशीटमध्ये दोनशे गणिते असतात, हा प्रश्न नसतो.

तुमच्या मिस्टरांचा मुद्दा समजण्यासारखा आहे, पण भरलेली फी ही पुढची फी भरण्याचे कारण होऊ शकत नाही. जे कौशल्य तिला आले आहे ते क्लास सोडल्याच्या दिवशी पुसले जाणार नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा दहा मिनिटांचा सराव, तोही तिला वाटले तर, पुरेसा आहे. तिला मैत्रिणींमुळे किंवा मण्यांच्या आवडीमुळे क्लासला जायचेच असेल तर एकच लेव्हल, एकाच लेव्हलची फी, आणि स्पर्धेची सक्ती नाही असे आधी ठरवून पाठवा. त्यासाठी संध्याकाळचा खेळ मात्र बुडू देऊ नका. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे घाम येईल इतकी हालचाल करावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तिच्या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते. शाळा, क्लास आणि गृहपाठ यांत हे दोन्ही आक्रसत असतील तर मेंदूच्या विकासासाठी पैसे भरून आपण मेंदूच्याच गरजा कापत आहोत.

धाकट्याच्या बाबतीत मला शंकाच नाही. साडेचार वर्षांच्या मुलाला ‘पाच’ म्हणजे पाच वस्तू, कशाही मांडल्या तरी पाचच, हे हाताने शंभर वेळा अनुभवायचे असते. त्याआधी पाचाची किंमत असलेला एक मणी त्याच्या हातात देणे घाईचे आहे. त्याला वाट्या मांडायला सांगा, पायऱ्या मोजू द्या, सापशिडी खेळवा. सापशिडीसारख्याच, पण आकडे एका सरळ रेषेत असलेल्या पटावर थोडे दिवस खेळल्यानेही या वयातील मुलांचे आकड्यांचे भान सुधारते, असे अमेरिकेत झालेल्या अभ्यासांत दिसले आहे. त्याला फी लागत नाही आणि ताईलाही सोबत बसता येते. मात्र डोळ्यांना पट्टी बांधून वाचायला शिकवणारे ‘मिडब्रेन’चे वर्ग किंवा बोटांच्या ठशांवरून बुद्धीचा नकाशा काढून देणारे कोणी तुमच्या दारी आले, तर त्यांना दारातूनच परत पाठवा, अ‍ॅबॅकसमागे निदान एक खरे कौशल्य आहे, यांच्यामागे तेही नाही. दुसरीत गेल्यावर धाकट्याने ताईचा अ‍ॅबॅकस स्वतःहून मागितला तर तो घरात आहेच. पहिले काही महिने त्याला ताईकडूनच शिकू द्या. ‘बिग फ्रेंड’ भावाला समजावून सांगताना तिला तो स्वतःला किती समजला आहे, हेही तुम्हाला कळेल.